नैरोबी, नाताळची सुट्टी, तीन माणसं : मध्यम बजेट कसं आखावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत नैरोबीला जायचं ठरलंय. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या, पक्क्या शाकाहारी. गुडघे कुरकुरतात, पण हत्ती-जिराफ बघायची हौस आम्हा दोघांपेक्षा त्यांनाच जास्त. मुंबईहून थेट विमानाची तिकिटं काढली आहेत. २६ डिसेंबरला पोचणार, ३१ ला परत. म्हणजे पाच रात्री.

आधी एका सहल कंपनीत विचारून आलो. विमान सोडून माणशी १ लाख ३५ हजार सांगितले. त्यात नक्की कशाचे किती, हे तीनदा विचारलं तरी नीट उत्तर मिळालं नाही. तेव्हा ठरवलं की आपलं आपणच आखायचं. आमची ऐपत विमानभाडं सोडून तिघांत मिळून दीड लाखाची आहे. पंचतारांकित नको, पण सासूबाई बरोबर असल्याने अगदी स्वस्तातलंही नको. स्वच्छ खोली, गरम पाणी, लिफ्ट, जेवणाची आबाळ नको आणि फिरायला सुरक्षित गाडी, एवढंच हवंय.

जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी आकड्यांसकट सांगावं ही विनंती.

दूरदेशी

आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. वेस्टलँड्समध्ये राहिलो, हॉटेल रोजचं ७० डॉलर, नाश्त्यासकट. जेवण आपल्याकडच्या बऱ्या रेस्टॉरंटइतकंच महाग. दिवसाला माणशी १०० डॉलर धरा, म्हणजे चुकणार नाही. तिघांचे पाच दिवस, १५०० डॉलर. तुमच्या दीड लाखात थोडी ओढाताण होईल, पण जमेल.

जकरांदा

गोदाकाठ, मी चौदा वर्षं नैरोबीत आहे, पार्कलँड्समध्ये. दरवर्षी माहेरचं, सासरचं कुणी ना कुणी येतं आणि त्यांचा हिशेब मीच मांडून देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दूरदेशी यांचा आकडा चूक नाही, पण 'दिवसाला माणशी इतके' या हिशेबाने नैरोबीचं बजेट मांडू नका, फसतं. इथे एक दिवस ३० डॉलरमध्ये निघतो आणि दुसरा १५० डॉलरमध्येही भागत नाही. त्यापेक्षा दोन पुरचुंड्या करा, एक डॉलरची, एक शिलिंगची. राहणं, जेवण, टॅक्सी, बाजार, म्युझियम हे सगळं शिलिंगमध्ये. यात तुमच्या हातात बरंच काही असतं, कमीजास्त करता येतं. राष्ट्रीय उद्यानांची तिकिटं, सफारीची गाडी, प्रवेश परवाना हे डॉलरमध्ये आणि तेही डोक्यागणिक. तिथे घासाघीस नाही. बजेट कोलमडतं ते नेहमी या दुसऱ्या पुरचुंडीपायी. लोक हॉटेलमध्ये दहा डॉलर वाचवायला आठवडाभर खपतात आणि उद्यानाच्या दारात एका सकाळी अडीचशे डॉलर जातात, ते आधी मोजलेलेच नसतात.

सध्या एका डॉलरला १२९ च्या आसपास शिलिंग मिळतात. आपल्या पैशात १०० शिलिंग म्हणजे ७० रुपये धरा. बाजारात उभं राहून डोक्यात गुणाकार करायला सोपं जातं.

आता डॉलरची पुरचुंडी. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकला, त्याऐवजी ईटीए म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना आहे. शुल्क ३० डॉलर, वर थोडा कार्डाचा आकार. तिघांचे १०० डॉलर धरा. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. हुबेहूब तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट पैसे घेतात.

नैरोबी नॅशनल पार्क तुम्ही बघणारच, बघायलाच हवं. १९४६ सालचं उद्यान, ११७ चौरस किलोमीटर. गेंडा गवतात चरतोय आणि त्याच्या पाठीमागे शहराच्या उंच इमारती, असं दृश्य दुसऱ्या कुठल्या राजधानीत सहज दिसायचं नाही. इथे परदेशी माणसाला कितीतरी वर्षं ४३ डॉलर तिकीट होतं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ८० डॉलरचा नवा दर जाहीर झाला. हिशेबात ८० च धरा. तिघांचे २४० झाले. पैसे फक्त ऑनलाइन भरायचे, दारात रोख घेत नाहीत.

हत्तींचं अनाथालय म्हणजे शेल्ड्रिक ट्रस्ट. सकाळी ११ ते १२, फक्त एक तास उघडं, आणि आधी नाव नोंदवल्याशिवाय प्रवेश नाही. माणशी २० डॉलर धरा. नाताळच्या सुट्टीत जागा भरतात, म्हणून हे आरक्षण आजच करा, हॉटेलच्याही आधी.

आणि गाडी. उद्यान, हत्ती, जिराफ सेंटर, लेखिका कॅरन ब्लिक्सनचं घर, मण्यांचा कारखाना हे सगळं शहराच्या एकाच अंगाला, लांगाटा-कॅरनच्या बाजूला आहे. लोक रोज एकेक ठिकाण करतात आणि रोज तासभर जाताना, तासभर येताना टॅक्सी जाळतात. तसं करू नका. उघडणाऱ्या छपराची सफारी व्हॅन अख्ख्या दिवसासाठी एकदाच ठरवा. पहाटे सहाला उद्यानाच्या दारात, साडेदहाला बाहेर, अकराला हत्ती, मग कॅरनमध्ये निवांत जेवण आणि दुपारी जिराफ. गाडीचे दिवसाचे १२० ते १३० डॉलर पडतील. भाव करताना 'माणशी' नाही, 'गाडीचे किती' असं विचारा.

शिलिंगचं रात्री लिहिते, स्वयंपाक व्हायचाय.

गोदाकाठ

जकरांदाताई, किती मनापासून लिहिलंत! हत्तींची नोंदणी आत्ताच करून टाकली, २९ तारखेची मिळाली. २७ आणि २८ भरलेच होते.

पहाटे सहा ते दुपारपर्यंत एवढं सासूबाईंना झेपेल का, याची धाकधूक आहे. आणि मसाई मारा अभयारण्याचं काय? सहलवाल्यांनी दोन रात्री माराच्या घातल्या होत्या.

मिरजेचा_डॉक्टर

बजेटच्या आधी एक तातडीची गोष्ट, कारण तिकिटं काढून झाली आहेत असं लिहिलंय. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा, म्हणजे यलो फीव्हरचा दाखला मागतात. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. सरकारमान्य केंद्रावरच मिळते, सरकारी शुल्क ३०० रुपयांच्या घरात. पैशाने काही नाही, पण केंद्रावर ठरावीक वार आणि मोजक्या जागा असतात. माझ्या मेव्हण्याने लस घेतली ती निघायच्या सहा दिवस आधी. विमान पुढे ढकलावं लागलं, बदलाचा भुर्दंड अकरा हजार.

दुसरं अधिक महत्त्वाचं. ही जिवंत लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेताना दुष्परिणामाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. याचा अर्थ घेऊच नये असा नाही, पण सासूबाईंची औषधं आणि जुने आजार ज्या डॉक्टरांना माहीत आहेत त्यांना आधी दाखवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आवर्जून सांगा. त्यांनी नको म्हटलं तर बेत बदलावा लागेल, आणि ते आत्ता कळलेलं बरं.

नैरोबी उंचावर आहे, १७९५ मीटर, त्यामुळे खुद्द शहरात मलेरियाचा धोका कमी. मारा किंवा किनाऱ्यावरच्या मोंबासाला गेलात तर गोळ्या लागतील.

गोदाकाठ

डॉक्टरसाहेब, खरंच आभार. सहलवाल्यांनी लसीचं सांगितलं होतं, पण वयाचं अवाक्षर काढलं नव्हतं. उद्याच आमच्या डॉक्टरांकडे जाते. काय म्हणतात ते इथे कळवते.

जकरांदा

हे डॉक्टरांनी फार बरं केलं. गोदाकाठ, बाकीचं सगळं नंतर, आधी हे.

आता मारा. तुम्ही जाणार डिसेंबरात. माराचं परदेशी माणसाचं तिकीट जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, एका माणसाचं, एका दिवसाचं. तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच. तुम्ही तिघं, म्हणजे एका दिवसाचे ६०० डॉलर, ५४ हजार रुपये, नुसते दारात. त्यात गाडी नाही, राहणं नाही, जेवण नाही. दर चढा आहे तो मुळात विल्डबीस्ट या प्राण्यांच्या स्थलांतरामुळे. ते कळप जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, डिसेंबरपर्यंत टांझानियाकडे परत गेलेले असतात. म्हणजे दर स्थलांतराचा आणि स्थलांतर तर नाहीच. १ जानेवारीला तेच तिकीट निम्म्यावर येतं. मारा अप्रतिम आहे, मी सात वेळा गेलेय, पण पाच रात्रींच्या सहलीत, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दीड लाखाच्या बजेटमध्ये जाऊ नका. तुम्हाला सांगितलेला माणशी १ लाख ३५ हजाराचा आकडा बहुधा याच दोन रात्रींनी फुगलाय.

त्याऐवजी एक दिवस नैवाशा तळ्याला जा. दोन तासांचा रस्ता. वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा लागतो, तिथे गाडी थांबवून बघायला पैसे पडत नाहीत. तळ्यात बोटीतून पाणघोडे दिसतात, आणि क्रेसेंट आयलंडवर जिराफ-झेब्र्यांमधून चक्क पायी हिंडता येतं. आमच्या आईला ८० डॉलरच्या उद्यानापेक्षा तेच जास्त आवडलं.

आता शिलिंग. नाताळात नैरोबी रिकामं होतं. लोक आपापल्या गावी जातात, गावाला ते 'उशागो' म्हणतात. दिवाळीत पुणं कसं मोकळं होतं, तसं. कामासाठी येणारे पाहुणे नसतात म्हणून वेस्टलँड्स, किलिमानीतले सर्व्हिस अपार्टमेंट त्या आठवड्यात भाव उतरवतात. दोन बेडरूमचा, स्वयंपाकघर, लिफ्ट आणि दारावर पहारा असलेला फ्लॅट ८ ते ९ हजार शिलिंगला मिळेल. हॉटेलच्या दोन खोल्यांना याच्या दीडपट जातील. गरम पाणी चोवीस तास आहे का आणि वीज गेली तर जनरेटर आहे का, हे दोन प्रश्न विचाराच. मोंबासाच्या किनाऱ्यावर नेमकं उलट, तिथे त्या आठवड्यात भाव आभाळाला.

विमानतळावरून वेस्टलँड्सला ॲपची टॅक्सी दीड ते दोन हजार. २०२२ पासून एक्सप्रेसवे झालाय, वर टोल पडतो पण वीस-पंचवीस मिनिटांत पोचता. चालकाला निघतानाच सांगा 'एक्सप्रेसवे', आणि टोल तुमचा हे धरून चाला. कार्डाने पैसे देणार म्हटलं की बरेच चालक फेरीच रद्द करतात. म्हणून उतरल्या उतरल्या पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि त्यावर एम-पेसा चालू करून घ्या. २००७ साली सुरू झालेलं हे मोबाइलचं पाकीट इथे भाजीवालीपासून टॅक्सीपर्यंत सगळीकडे चालतं. पेसा म्हणजे आपला पैसाच. हिशेबालाही स्वाहिलीत 'हेसाबू'च म्हणतात, गाडीला 'गारी' आणि दुकानाला 'दुका'. सासूबाईंना दोन दिवसांत भाषा समजायला लागेल बघा!

पोटोबा

शाकाहारी सासूबाईंसाठी जेवणाचं मी सांगतो, कामानिमित्त तीन महिने काढले आहेत. काळजी सोडा. पार्कलँड्सच्या डायमंड प्लाझामध्ये डोसा, पावभाजी, गुजराती थाळी सगळं आहे, पाचशे-सातशे शिलिंगमध्ये पोटभर. पण सगळे दिवस तिथेच जेवू नका. मारू भजिया जरूर खा. बटाट्याच्या पातळ काचऱ्यांना मसाल्याचं पीठ चोळून तळलेली ही भजी पूर्व आफ्रिकेतल्या गुजरात्यांची देन. बरोबर टोमॅटो-गाजराची आंबट चटणी.

स्थानिक खाणावळीत चपाती आणि महारागे, म्हणजे राजम्यासारखी उसळ, दोन-तीनशे शिलिंगला मिळते. चपाती आपल्या पोळीसारखी नाही, मैद्याची, पदर सुटलेली. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याची घट्ट उकड. सोबत सुकुमा विकी ही हिरवी पालेभाजी. नावाचा अर्थच 'आठवडा ढकला', महिनाअखेरीची भाजी.

एक नीट लक्षात ठेवा. नुसतं 'सिली न्यामा', म्हणजे मांस खात नाही, एवढं सांगून भागत नाही. कोंबडी आणि मासे त्यांच्या लेखी न्यामात येतीलच असं नाही. 'सिली न्यामा, वाला कुकू, वाला समाकी' असं पूर्ण म्हणा. मी पहिल्या आठवड्यात अर्धंच म्हणालो होतो आणि पालेभाजीत कोंबडीचे तुकडे आले. वाढणारी बाई बिचारी मनापासून खाऊ घालत होती, तिला वाईट वाटू नये म्हणून काय करावं सुचेना.

म्हापशेकार

धागा वाचून राहवलं नाही. माझे आजोबा नैरोबीत सरकारी कचेरीत कारकून होते. गोव्याचे कितीतरी लोक तिथे होते, गोवन जिमखाना अजून आहे. डॉ. रिबेरो नावाचे गोव्याचे डॉक्टर शहराच्या अगदी सुरुवातीच्या काळात झेब्र्यावर बसून रुग्ण बघायला जात, त्यांच्या नावाची शाळा आहे. पिओ गामा पिंटो यांचा खून १९६५ च्या फेब्रुवारीत त्याच शहरात झाला. गोव्याच्या रक्ताचा हा माणूस केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

बजेटच्या धाग्यावर साजेसं एक: १९२० पर्यंत तिथे आपला रुपयाच चालायचा. आजोबांच्या वडिलांचा पहिला पगार रुपयांत होता. मग फ्लोरिन आला, आणि वर्षभरात शिलिंग.

रुळावरून

म्हापशेकारांना अनुमोदन. आणि ज्या रेल्वेमुळे हे शहर वसलं तिचं म्युझियम स्टेशनशेजारीच आहे, चुकवू नका. १८९६ मध्ये मोंबासाहून रूळ टाकायला सुरुवात झाली, १८९९ मध्ये इथे पोचले, तेव्हा इथे फक्त पाणथळ होती. सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले होते, त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मरण पावले. म्युझियममध्ये तो डबा ठेवलाय, ज्यातून १९०० साली सिंहाने रायल या पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेलं. डब्यात चढता येतं. खिडकीची उंची बघितली की अंगावर काटा येतो.

नव्या रेल्वेने मोंबासाला जायचा मोह होईल. तिकीट २०२४ पासून साध्या वर्गाचं १५०० आणि पहिल्या वर्गाचं ४५०० शिलिंग, सहा तासांचा प्रवास, त्सावोच्या जंगलातून. पण नाताळच्या आठवड्यात जागा आधीच संपतात, आणि पाच रात्रींत दोन शहरं म्हणजे सासूबाईंना दगदग. पुढच्या वेळी.

गोदाकाठ

डॉक्टरांकडे जाऊन आलो. सासूबाईंना रक्तदाबाची एकच गोळी आहे. त्यांनी सगळं तपासून, धोका समजावून सांगून, घ्यायला हरकत नाही म्हटलं. तिघांनी एकाच दिवशी लस घेतली. सासूबाईंना एक दिवस अंग दुखलं, बाकी काही नाही. जीव भांड्यात पडला.

मारा रद्द. नवरा जरा हिरमुसला होता, पण ५४ हजारांचं गणित वाचून दाखवल्यावर तोच म्हणाला, नैवाशा.

हिशेबनीस

आत्तापर्यंतच्या प्रतिसादांवरून बेरीज मांडतो, बघा पटते का.

डॉलरची पुरचुंडी: परवाने १००, उद्यान २४०, व्हॅन १३०, हत्ती ६०. एकूण ५३० डॉलर. ९० रुपयांनी ४७,७००.

शिलिंगची पुरचुंडी: फ्लॅट ८,५०० दराने पाच रात्री ४२,५००. जेवण तिघांचं रोजचं साडेचार हजार, सहा दिवसांचे २७,०००. विमानतळ जाऊन-येऊन ४,०००. शहरातल्या टॅक्सी ७,५००. जिराफ सेंटर माणशी दीड हजार, ४,५००. नॅशनल म्युझियम माणशी बाराशे, ३,६००. सिम आणि डेटा १,५००. बक्षिसी आणि खरेदी १०,०००. एकूण १,००,६००, म्हणजे साधारण ७०,४००.

दोन्ही मिळून १ लाख १८ हजार. दीड लाखात ३२ हजार उरतात. त्यातून नैवाशाची गाडी आणि बोट, प्रवास विमा, आणि निदान १२ हजार हात न लावता बाजूला.

दोन गळत्या सांगतो. आपल्या नेहमीच्या क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत वरचे जातात, शिवाय त्यावर जीएसटी. लाखावर चार हजार असेच जातात. कमी आकार असलेलं कार्ड आधीच काढून ठेवा. दुसरं, रोख डॉलर नेणार असाल तर नव्या, न दुमडलेल्या नोटा न्या. जुन्या सालच्या नोटा तिथे घेत नाहीत, घेतल्या तर दर पाडतात.

जकरांदा

बेरीज चोख आहे, फक्त टॅक्सीला साडेसात हजार कमी पडतील. दहा-अकरा धरा.

राहिलेल्या दोन गोष्टी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना इथे ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, प्रवाशांनासुद्धा. दशम्या, चटण्या, साड्या, काहीही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणू नका, कापडी पिशव्या आणि डबे आणा. उद्यानात एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, घरच्या स्टीलच्या आणा. आणि प्लगला तीन चौकोनी खिळे लागतात, ब्रिटिश पद्धतीचे. ॲडॉप्टर नाशिकमध्येच घ्या.

अंधार पडल्यावर पायी फिरू नका, पाचशे मीटरसाठीही टॅक्सी करा. हा खर्च टाळायचा नसतो. गाडीत खिडकी उघडी ठेवून फोन हातात धरू नका.

गोदाकाठ

परत आलो! जानेवारी अर्धा सरला, पण तुम्हा सगळ्यांचं देणं आहे म्हणून बारकाईने लिहिते.

विमान सोडून एकूण खर्च १ लाख ३८ हजार, नैवाशासकट. जेवणावर धरले होते २७ हजार शिलिंग, लागले जेमतेम १९. कारण सकाळचं स्वयंपाकघरात केलं. सुपरमार्केटातून दूध, पाव, आंबे (आंब्याला तिथे 'एंबे' म्हणतात आणि डिसेंबरात गोड आंबे!) आणि घरून नेलेले पोहे. टॅक्सीचं जकरांदाताईंनी सांगितलं तेच झालं, ११,४००. फ्लॅटच्या मालकाने निघताना साफसफाईचे दोन हजार जास्त मागितले, नोंदणीत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. नवऱ्याने आधीचे सगळे निरोप उघडून दाखवले, तरी हजार द्यावेच लागले. पुढे जाणाऱ्यांनी 'सगळं धरून किती' हे लेखी विचारून घ्या.

व्हॅनच्या दिवसाची मला धास्ती होती. पण पहाटे सहाला उद्यानात शिरलो तेव्हा इतका गारठा होता की सासूबाई शाल घेऊन पुढच्या जागेवर बसल्या त्या साडेदहापर्यंत जागच्या हलल्या नाहीत. तीन गेंडे दिसले. सिंह नाही दिसला. हत्तींकडे मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हिरव्या कोटातले राखणदार मोठमोठ्या दुधाच्या बाटल्या घेऊन उभे होते, आणि पिल्लं ओळीने, खरंच शाळा सुटल्यासारखी, धावत आली. एकाने बाटली संपवल्यावर सोंडेने राखणदाराचा खिसा चाचपला. आई कशाने गेली हे प्रत्येकाचं नाव घेऊन सांगतात. एक तास कसा गेला कळलं नाही. माणशी २० डॉलर देताना मला जड वाटले होते, आता अजिबात वाटत नाहीत.

जिराफ सेंटरमध्ये उंच ओट्यावर उभं राहून खाद्य भरवतात. जिराफाची जीभ काळसर जांभळी आणि हातभर लांब. सासूबाईंच्या बांगड्यांभोवती ती गुंडाळली गेली. त्या किंचाळल्या आणि लगेच दुसरी मूठ पुढे केली.

म्युझियममध्ये तुर्काना बॉय पाहिला. १९८४ साली कामोया किमेऊ यांना सापडलेला, पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ अख्खा सांगाडा. शांत खोलीत एकटाच उभा आहे. त्या बाराशे शिलिंगमध्ये एवढं मिळतं, ही मला या सहलीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट वाटली.

आणि जकरांदाताईंनी घरी जेवायला बोलावलं. वरणभात, अळूची पातळ भाजी, त्यांच्या परसातल्या अळूची. त्याचा हिशेब मांडत नाही.

जकरांदा

अगं, पाहुणे आले की घराला बरं वाटतं. सासूबाईंनी दिलेल्या कुळथाच्या पिठाचं पिठलं कालच केलं.

खारीबिस्किट

वाचनखूण साठवली. आम्ही चौघं मे महिन्यात विचार करतोय, दोन मुलं आहेत, दहा आणि तेरा. याच आकड्यांना चारने गुणलं तर चालेल का?

जकरांदा

नाही. फ्लॅट आणि व्हॅन तेवढीच राहते, ती माणसांवर वाटली जाते, म्हणून माणशी कमी पडेल. उद्यानांमध्ये मुलांचं तिकीट वेगळं असतं, तेही कमी. मारा जूनअखेरपर्यंत १०० डॉलर आहे, त्यामुळे तुम्हाला एक दिवस माराचा विचार करता येईल. पण मार्च ते मे हा इथला मोठा पाऊस. मारात गाड्या चिखलात रुततात, काही छावण्या बंदच ठेवतात. शाळांची सुट्टी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असेल तर जूनचा पहिला आठवडा धरा. आणि लसीसाठी आजच नाव घाला.